जुने बाक कुणाचे?

तीन वाजून पाच मिनिटांनी शिपायाने बाहेरून कडी लावली आणि आम्ही सहाजण आत राहिलो.

ही कडी म्हणजे आमच्या कार्यालयाची खासियत. चार वर्षांपूर्वी टेंडरची पेटी उघडी असताना कुणीतरी पोटात कळ आली म्हणून बाहेर गेलं, आणि ते परत आलं तेव्हा म्हणे पेटीतलं एक पाकीट आत कागद वाढवल्यासारखं जरा जाड झालं होतं. खरं-खोटं शेवटपर्यंत कळलं नाही. पण तेव्हापासून नियम झाला: पेटीचं कुलूप निघालं की दाराला कडी, सगळ्यांचे फोन खडूच्या रिकाम्या खोक्यात, आणि शेवटची सही होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. ज्याला जाऊन यायचं असेल त्याने आधीच जाऊन यावं. साहेब ही सूचना इतक्या गंभीरपणे देतात की गरज नसलेला माणूससुद्धा एकदा जाऊन येतो.

खोली लहानच. एका भिंतीला गुंडाळून ठेवलेले नकाशे, कोपऱ्यात लोखंडी कपाट, एक खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून. टेबलाच्या एका बाजूला आम्ही तिघं, म्हणजे खरेदी समिती: साहेब, लेखापाल आणि मी. समोर तीन निविदाधारक. फर्निचरच्या कारखान्याचा मॅनेजर, कडक इस्त्रीतला. सासऱ्यांच्या माघारी सुतारकामाचा कारखाना चालवणाऱ्या, सगळ्या बाजारात काकू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एक बाई, मांडीवर पिशवी घट्ट धरून. आणि तिसरा घुम्या.

घुम्या हे त्याचं शाळेतलं नाव. आता त्याचं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे, हाताखाली पाच माणसं आहेत, पण मला तो दुसऱ्या नावाने हाकच मारता येत नाही. मी सव्वीस वर्षं गणित शिकवलं. गुडघे कुरकुरायला लागले आणि जिने चढवेनात, तेव्हा मला शिक्षण विभागाच्या या कार्यालयात खरेदीच्या टेबलावर बसवलं. घुम्या माझ्या वर्गात तीन वर्षं होता. तीन वर्षांत त्याने एकदाही हात वर केला नाही. उत्तर येत असायचं, वहीत बरोबर असायचं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. "कळलं का रे?" विचारलं की मान हलवायचा, आणि ती मान हो म्हणतेय की नाही, ते देवालाच ठाऊक.

अशा मुलाने पंधरा दिवसांपूर्वी मला फोन करून प्रश्न विचारला.

टेंडर होतं बारा शाळांसाठी चारशे वीस नव्या बाकांचं. त्यात एक अट होती: पुरवठादाराने जुने, मोडके बाक शाळेतून उचलून न्यावेत. एवढंच. नेऊन त्यांचं काय करायचं ते आम्ही लिहिलंच नव्हतं. मसुदा माझ्याच हातचा, तेव्हा ती चूकही माझीच. दुपारी जेवणाचा डबा उघडला होता, तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला.

"बाई, मी... ओळखलं का?"

"आवाज कधी ऐकवलास का ओळखायला?" मी म्हटलं, आणि तो हसला. मग बराच वेळ काही नाही. मी वाट पाहिली. वाट पाहणं हा शिक्षकाचा अर्धा धंदा असतो.

"बाई, ते जुने बाक. उचलून न्यायचे म्हणजे, नेल्यावर ते आमचे का?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! नेमका प्रश्न. मागच्या खेपेला आम्ही ते पुरवठादारालाच दिले होते, म्हणून मी लगेच म्हटलं, "तुझेच की. आम्हाला ती भंगाराची रास कशाला? छान विचारलंस बघ."

फोन ठेवला आणि डबा संपवला. त्या दुपारी भाजी मला नेहमीपेक्षा चांगली लागली.

यात काय बिघडलं, ते ज्याने टेंडरचं काम केलेलं नाही त्याला पटकन कळणार नाही. मलाही कळलं नव्हतं. म्हणून सावकाश सांगते. जुन्या बाकांचे सांगाडे लोखंडाचे. साडेतीनशे बाकांचं लोखंड विकलं तर चांगली रक्कम हातात येते. ज्याला माहीत आहे की ते लोखंड आपलं, तो नव्या बाकांचा दर तेवढा खाली आणू शकतो. ज्याला माहीत नाही, तो उलट ते वाहून नेण्याचा खर्च दरात धरतो. एकाच शर्यतीत एकाला उतार आणि दुसऱ्याला चढ.

म्हणून नियम असा की कुणालाही शंका असेल तर त्याने लेखी विचारायचं आणि उत्तर सगळ्यांना एकाच दिवशी लेखी जायचं. खरेदीच्या टेबलावर आल्यावर आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथे एका म्हाताऱ्या वकिलांनी सांगितलं होतं, "लोकांना वाटतं करार काम दिल्यावर होतो. तसं नाही. माणसाने पाकीट पेटीत टाकलं की तिथेच एक छोटा करार होतो. तो दर देऊन बसलाय, मागे हटू शकत नाही. त्या बदल्यात तुम्ही त्याला शब्द दिलेला असतो की तुला इतरांसारखंच वागवू. काम त्याला न मिळालं तरी हा शब्द त्याच्या हक्काचा." मी हे वहीत उतरवून घेतलं होतं, खाली रेघसुद्धा मारली होती. आणि तरीही वर्गात हात वर करणाऱ्याला उत्तर द्यावं तसं फोनवर उत्तर देऊन मोकळी झाले. फरक एवढाच, वर्गात उत्तर सगळी मुलं ऐकतात.

या सगळ्याचा उजेड माझ्या डोक्यात पडला तो कडी लागल्यानंतर पंधरा मिनिटांनी.

आमच्याकडे दोन पाकिटांची पद्धत. पहिल्यात कागदपत्रं आणि सोबतचं पत्र, दुसऱ्यात दर. पहिली पाकिटं फोडून सोबतची पत्रं मोठ्याने वाचायची, मग तिघांनी एका घोषणेवर सह्या करायच्या, मग दराची पाकिटं. वाचायचं काम माझं, कारण आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो. मॅनेजरचं पत्र वाचलं. काकूंचं वाचलं. घुम्याचं हातात घेतलं. अक्षर अजून तसंच होतं, प्रत्येक शब्द ओळीवर नीट बसवलेला.

"आम्ही सर्व अटी वाचल्या आहेत," मी वाचत गेले. "बाकांचे लोखंड अटीत दिलेल्या जाडीचे राहील." आणि डोळे पुढच्या ओळीवर गेले: *जुन्या बाकांचे लोखंड आमच्याकडे राहील असे बाईंनी फोनवर सांगितले आहे. ते गृहीत धरून दर दिला आहे.*

गृहीत काय धरलं ते आधी लिहावं, हे त्याला मीच शिकवलं होतं.

मी ती ओळ गाळली. ठरवून नाही. जीभ आपोआप पुढच्या ओळीवर गेली, पायरी चुकावी तशी. "कळावे, आपला विश्वासू," म्हणून मी पत्र खाली ठेवलं. घुम्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली.

साहेबांनी न वाचताच पत्राच्या पानावर सही ठोकली. लेखापालांनी चष्मा वर करून पान वाचलं. लेखापाल म्हणजे महिन्यातून चार वाक्यं बोलणारा माणूस, आणि त्यातली दोन पंख्याबद्दल असतात. त्यांनी ती ओळ वाचली की नाही ते मला समजेना. त्यांनी सही केली आणि पान माझ्याकडे सरकवलं. मग साहेबांनी घोषणेचा कागद पुढे केला.

घोषणा छापीलच असते. *सर्व निविदाधारकांना समान माहिती देण्यात आली असल्याचे आम्ही जाहीर करतो.* आजवर वीसेक वेळा मी त्याखाली सही केली होती, हवापाण्याच्या गप्पा मारत.

"साहेब, शिक्का कपाटात आहे वाटतं," मी म्हटलं. "जरा येता का? माझ्याने खालचा कप्पा उघडवत नाही."

कपाटाच्या दाराआड मी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. साहेबांनी डोळे मिटले. वाईट माणूस नाही. माझ्या गुडघ्यांसाठी खालच्या मजल्यावरची खोली त्यांनीच मागून घेतली होती.

"तुम्ही ती ओळ वाचली का?"

"नाही."

"मग सुंठीवाचून खोकला गेला. कुणी ऐकलं नाही, विषय संपला."

"लिहिलेली आहे साहेब. फायलीत राहणार."

"फायली कोण वाचतं? बाई, ऐका माझं. अनुदान महिनाअखेर परत जाईल. आज टेंडर रद्द केलं तर बारा शाळांची पोरं अजून एक वर्ष जमिनीवर बसणार. तुम्हाला चालेल?"

त्यांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. सर्वेक्षण मीच केलं होतं. सातव्या शाळेत मुलं पाटीसारखी मांडीवर वही धरून लिहीत होती, आणि एका मुलीने मला विचारलं होतं, "बाक येणार ते खरं का?" मी हो म्हणाले होते.

"आणि दुसरं," साहेबांचा आवाज आणखी खाली गेला. "तो तुमचा विद्यार्थी. लोक काय म्हणतील? बाईंनी चेल्याला आतली बातमी दिली. तुमची चौकशी होईल ती होईल, पण त्याचं नाव काळ्या यादीत गेलं तर पाच माणसं घेऊन तो कुठे जाणार? तुम्ही बोलून कुणाचं भलं करताय?"

"काकूंचं," मी म्हटलं.

"त्यांना माहीतच नाही त्यांचं काय गेलं. जे माहीत नाही ते दुखत नाही. या, सही करा."

आम्ही परत येऊन बसलो. शिक्का आणायला विसरलो होतो, ते लेखापालांच्या लक्षात आलं असावं. पेन माझ्या हातात होतं. सही केली तर ते खोटं आणि कायमचं माझ्या नावाचं. नाही केली तर घुम्या. बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारावं म्हटलं, तर दाराला कडी. खोलीत इतकं उकडत होतं की घोषणेचा कागद माझ्या मनगटाला चिकटला.

"शाई संपली का बाई?" मॅनेजर म्हणाला. त्याचा हात घड्याळाकडे. मग वेळ जावा म्हणून तो काकूंकडे वळला. "काय काकू, तुमचा एकच टेम्पो ना? साडेतीनशे जुने बाक नेता नेता दिवाळं निघेल."

"निघू दे. तुला दिवे लावायला बोलवीन," काकू म्हणाल्या. मॅनेजर हसला, पण काकू हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला, पेन्सिलीने आकडेमोड केलेला, आणि माझ्याकडे पाहिलं. "पण बरी आठवण केलीस. बाई, मी बाराही शाळांतून तुमच्या गोदामापर्यंत फेऱ्या धरल्यात. एकेका शाळेला दोन. गोदाम तेच ना, पुलापलीकडचं? संध्याकाळी ताब्यात घ्यायला कुणी असतं का तिथे?"

म्हणजे त्यांनी लोखंड आपलं धरलं नव्हतं. उलट पुलापलीकडच्या चोवीस फेऱ्या धरल्या होत्या.

"शंकांची मुदत पाच तारखेला संपली," साहेब पटकन म्हणाले. "आता कुणाला काही सांगता येणार नाही. नियम म्हणजे नियम."

आणि ते अगदी खरं होतं. पंधरा दिवसांपूर्वी ज्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायला नको होतं, त्याच प्रश्नाचं उत्तर आता द्यायलाही मनाई होती.

तेव्हा घुम्याने मान वर केली. त्याच्या कपाळावर गणित जुळल्यावर उमटायची तीच रेघ उमटली. तो काकूंच्या कागदाकडे पाहत होता, मग माझ्याकडे, आणि त्याला कळलं. त्याला कळलेलं मला दिसलं. त्याने तोंड उघडलं.

"पण बाईंनी मला..."

तो सरळ माणूस. पुढचं वाक्य त्याने पुरं केलं असतं, आणि ते त्याच्या तोंडून निघालं असतं तर ती त्याची कबुली झाली असती. माझी नव्हे. मग त्या खोलीतला चोर तोच ठरला असता.

"थांब," मी म्हटलं. वर्गात म्हणायचे त्याच आवाजात. तो थांबला. "मी सांगते. जुने बाक पुरवठादाराचे. लोखंड त्याचं. गोदामात काही पोचवायचं नाही. हे यांनी मला फोनवर विचारलं आणि मी फक्त यांना सांगितलं. यांनी ते पत्रात लिहिलंय. मी मघाशी वाचताना ती ओळ गाळली. ही ती ओळ." आणि मी ती मोठ्याने वाचली.

मग मॅनेजर उठला.

"वा! म्हणजे आम्ही इथे शोभेला बसलोय? गुरू-शिष्यांचं आधीच ठरलंय! बाद करा याला. आत्ताच्या आत्ता."

"मी विचारलं होतं फक्त," घुम्या म्हणाला.

"हो, विचारलंस! आम्हाला नाही बाईंचा नंबर मिळाला."

"नंबर टेंडरवर छापलाय," लेखापाल म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "विचारणाऱ्याची चूक नाही. तोंडी उत्तर देणाऱ्याची आहे. त्याला बाद करता येणार नाही. दराची पाकिटं अजून बंद आहेत. तिघांची तिघांना परत द्यायची, खुलासा तिघांना लेखी द्यायचा, शुक्रवारी नवे दर घ्यायचे. महिनाअखेर त्यानंतर सहा दिवसांनी आहे."

महिन्याभराचं बोलणं त्यांनी एका दमात संपवलं. तेव्हा मला कळलं की ती ओळ त्यांनी वाचली होती. माझी वाट पाहत होते.

साहेबांनी घोषणेचा कागद माझ्यापुढून ओढून घेतला. शेवटी म्हणाले, "लिहा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आणि ज्यांनी तोंडी माहिती दिली त्यांचा स्वतंत्र खुलासा घ्या. फायलीला लागेल."

पुढचा पाऊण तास लिहिण्यात आणि सह्यांत गेला. लेखापालांनी खुलाशाच्या तीन प्रती केल्या. मॅनेजरने प्रत्येक पानावर 'हरकत राखून' असं लिहून सही केली. काकूंनी आपलं बंद पाकीट उलटसुलट करून लाख तपासली, पिशवीत ठेवलं आणि मग मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "म्हणजे मी विचारलं नसतं तर?"

काकूंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग पिशवीचे बंद बांधले.

दार उघडलं. मॅनेजर फोन कानाला लावूनच बाहेर पडला, काकू त्याच्यामागे गेल्या. घुम्या मागे राहिला. त्याने खुलाशाची प्रत चार घड्या करून खिशात घातली. त्याचा दर आता कामाचा राहिला नव्हता. लोखंडाचं गणित शुक्रवारी तिघांनाही येणार होतं, आणि कारखान्याच्या दराशी वेल्डिंगच्या दुकानाला टक्कर द्यायची होती. मला हे दिसत होतं, त्यालाही दिसत होतं.

"बाई," तो म्हणाला. मग नेहमीसारखा थांबला. मी वाट पाहिली. "एक विचारू?"

समोर साहेब बसलेले. माझ्यापुढे माझ्या स्वतंत्र खुलाशाचा कोरा फॉर्म, त्यावर पहिला रकाना: *निविदाधारकाशी ओळख असल्यास तपशील.*

"टेंडरचं आहे का?"

त्याने विचार केला. "म्हणजे, तसं म्हटलं तर आहे."

"मग लेखी दे. उत्तर तिघांनाही जाईल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"लेखी विचारण्यासारखं नाही ते," तो म्हणाला.

"मग शुक्रवारनंतर विचार."

त्याने मान हलवली. ती हो म्हणत होती की नाही, ते मला नाही समजलं. तो गेल्यावर मी पेन उचललं आणि पहिल्या रकान्यात लिहिलं: *होय. तीन वर्षे माझ्या वर्गात होता.* साहेब वाकून वाचत होते.

"एवढं कशाला? नुसतं 'ओळख आहे' पुरे."

"नाही," मी म्हटलं, आणि पुढच्या ओळीवर फोनची वेळ लिहायला घेतली.